गाडी येईपर्यंतची नऊ मिनिटं

"कोणीतरी म्हणजे कोणीच नाही."

हे वाक्य बंबमामा दिवसातून किती वेळा म्हणतात ते मोजायचं एका बॅचनं ठरवलं होतं. फळ्याच्या कोपऱ्यात खडूच्या रेघा ओढत बसले. दुपारपर्यंत एकोणीस रेघा झाल्या आणि विसावी ओढताना मामांनी पकडलं. रागावले नाहीत. म्हणाले, "अजून एक ओढ. सकाळी निघताना बायकोलाही म्हणून आलोय. गॅस कोणीतरी बंद करेल, असं म्हणत होती."

मामा म्हणजे अग्निशमन दलातले निवृत्त फायरमन. एकतीस वर्षं लाल बंबावर काढली, म्हणून बंबमामा. उंचीनं बेताचे, मनगटं मात्र कुऱ्हाडीच्या दांड्यासारखी. डाव्या कानाची पाळी कधीकाळी एका गोदामाच्या आगीत भाजली, ती तशीच सुरकुतून राहिली आहे. उजवा गुडघा पुरता वाकत नाही. त्यामुळे चालताना ते दर पावलाला किंचित कलतात आणि पुन्हा सरळ होतात. लांबून पाहिलं तर वाटावं, हा माणूस रस्त्याशी पावलापावलाला वाद घालतोय आणि प्रत्येक वेळी जिंकतोय.

पाच वर्षांपूर्वी निवृत्त झाले आणि दुसऱ्याच आठवड्यात कॉलेजच्या प्राचार्यांपुढे जाऊन उभे राहिले. "मला एक खोली द्या आणि बारा पोरं द्या. बाकी काही नको." तेव्हाचे प्राचार्य भले होते. ग्रंथालयाच्या वरच्या मजल्यावरचा चित्रकलेचा जुना हॉल त्यांनी उघडून दिला. तिथल्या फरशीवर अजून निळ्या-पिवळ्या रंगांचे वाळलेले थेंब आहेत आणि खिडक्यांना पडदे नाहीत, म्हणून उजेड भरपूर. दर शनिवारी दुपारी आणि रविवारी सकाळी तिथे मामांचा वर्ग भरतो.

या वर्गात बसायला बंदी आहे. एक तर उभं राहायचं, नाहीतर गुडघ्यांवर यायचं. रक्त वाहत असेल तर जखमेवर तळवा कसा दाबून धरायचा आणि थांबलं का बघायला तो सारखा सारखा कसा उचलायचा नाही. बेशुद्ध माणसाला चादरीत घालून चौघांनी जिन्यावरून कसं उतरवायचं. कढईतल्या तेलानं पेट घेतला तर पाण्याला हात न लावता झाकण कसं सरकवायचं. सगळं हातानं. पहिल्या बॅचमधल्या एकानं लिहून घ्यायला वही काढली. मामांनी ती मागून घेतली आणि डुगडुगणाऱ्या टेबलाच्या पायाखाली सरकवली. टेबल डुगडुगायचं थांबलं. "आता झाला वहीचा उपयोग," म्हणाले. "चल, गुडघ्यांवर ये."

सगळ्यात जास्त वेळ जायचा छाती दाबण्यावर. हृदय थांबलेल्या माणसाची छाती बाहेरून दाबत राहिलं तर रक्त फिरतं राहतं, आणि मदत येईपर्यंत तेवढंच आपल्या हातात असतं. कॉलेजनं त्यासाठी रबराचा एक महागडा पुतळा आणला होता, पण तो खराब होईल या भीतीनं प्राचार्यांच्या खोलीत काचेच्या कपाटात उभा होता. अंगावरचं प्लास्टिकसुद्धा कोणी काढलं नव्हतं. मामांनी त्याच्याकडे एकदाच पाहिलं. "याची तब्येत उत्तम आहे," म्हणाले, "याला माझी गरज नाही." आणि भंगाराच्या दुकानात जाऊन मोडक्या बसच्या सीटमधल्या स्प्रिंगा घेऊन आले.

त्यातून पोतेराव जन्मले. गोणपाटाचं पोतं, त्यात चिंध्या, छातीच्या जागी लाकडाच्या दोन फळ्या, फळ्यांमध्ये स्प्रिंग आणि स्प्रिंगच्या बुडाशी बरणीचं पत्र्याचं झाकण. झाकणाला मधे फुगवटा असतो. दाब पुरेसा पडला, म्हणजे फळी चांगली दोन इंच खाली गेली, की झाकण वाजायचं, टक. हात उचलला की फुगवटा पुन्हा वर. हळू दाबणाऱ्याला पोतेराव दाद देत नसत. असे चार पोतेराव. एकेकावर तिघं: एक दाबणारा, एक मोजणारा, एक दम खाणारा. चार त्रिक बारा, म्हणून वर्षाला बाराच मुलं. तेराव्याला मामा हात जोडायचे. मामींच्या स्वयंपाकघरात मात्र एकाही बरणीला झाकण उरलं नव्हतं. सगळ्यांच्या तोंडाला फडकी बांधलेली.

मामी दर वर्षी पहिल्या दिवशी वर्गात येतात. अंगानं काटकुळ्या, आवाज मात्र मैदानावरचा. बारा जणांसमोर उभ्या राहून डाव्या कुशीवर हात ठेवतात आणि सांगतात, "इथल्या दोन बरगड्या मोडल्या होत्या माझ्या. एका बस कंडक्टरनं मोडल्या."

अकरा वर्षांपूर्वी बसस्टँडवर मामी उभ्याच्या उभ्या कोसळल्या. भोवती चाळीसेक माणसं जमली. कोणी म्हणालं पाणी आणा, कोणी म्हणालं कांदा हुंगवा, कोणी म्हणालं वारा येऊ द्या आणि आणखी एक पाऊल जवळ सरकलं. मग सुटायच्या बेतात असलेल्या एका बसमधून कंडक्टर उतरला. तिकिटांची पिशवी पाठीवर टाकली, गुडघे टेकले आणि दाबायला लागला. मान वर न करता गर्दीतल्या एकाकडे बोट करून म्हणाला, "तुम्ही, खाकीवाले, फोन लावा." इस्पितळाची गाडी येईपर्यंत तो थांबला नाही.

"बरगडी मोडेल म्हणून कोणी हळू दाबणार असेल," मामी म्हणायच्या, "तर त्यानं लक्षात ठेवावं. मोडलेल्या बरगड्या घेऊन मी अकरा वर्षं यांच्याशी भांडतेय. न मोडत्या तर यांना केवढी शांतता मिळाली असती!"

मुलं हसायची. हसू ओसरलं की मामी बाजूला व्हायच्या. पुढचं वाक्य मामांचं असायचं, आणि ते दर वर्षी तेवढंच असायचं.

"तो खाकीवाला मी."

एकतीस वर्षांपैकी पंचवीस वर्षं तोपर्यंत झाली होती. अंगावर युनिफॉर्म होता, खांद्यावर पट्टी होती. सगळी गर्दी यांच्या तोंडाकडे बघत होती, आणि हे हात लोंबते ठेवून ओरडत होते, "कोणीतरी डॉक्टरला बोलवा!" कंडक्टरचं बोट रोखलं गेलं तेव्हा कुठे त्यांचा हात खिशाकडे गेला. त्या कंडक्टरला ते पुढे तीन डेपोंमध्ये शोधत फिरले. सापडला नाही. नाव विचारायचंही कोणाला सुचलं नव्हतं. म्हणून मग मामांनी दुसरं काम धरलं. तसली माणसं आपणच तयार करायची. आधी स्वतः शिकले, सुट्टीच्या दिवशी मोठ्या इस्पितळात जाऊन, आपल्या मुलीच्या वयाच्या नर्सकडून, पन्नाशीजवळच्या गुडघ्यांवर.

गेल्या वर्षी कॉलेजात नवे प्राचार्य आले. माणूस वाईट नाही. कामाचा आहे, पण कागदावर विश्वास फार. त्यांनी मामांना बोलावून घेतलं, चहा मागवला आणि म्हणाले, "मामा, कॉलेजात साडेतीनशे मुलं आहेत. तुम्ही बारा शिकवता. उरलेल्या तीनशे अडतीस जणांनी काय करायचं?"

प्रश्न खरा होता. मामांना तो लागला.

"चार महिन्यांनी तपासणी समिती येतेय," प्राचार्य म्हणाले. "सभागृहात सगळ्यांना एकदम बसवू. पडद्यावर चित्रं दाखवू, तुम्ही दोन तास बोला. संध्याकाळी साडेतीनशे सर्टिफिकेटं. खाली सही तुमची. तो हॉलही मोकळा होईल, मला तिथे कॉम्प्युटर लावायचेत."

"आणि हातानं कधी करायचं?"

"निदान माहीत तर होईल ना मुलांना."

मामांनी चहा संपवला, कप बशीत पालथा ठेवला आणि घरी गेले. दुसऱ्या दिवशी येताना एक घडी पडलेला कागद घेऊन आले आणि प्राचार्यांच्या टेबलावर उलगडला. प्रथमोपचाराचं सर्टिफिकेट होतं, मामांच्या नावाचं. श्रेणी उत्तम.

"तारीख बघा," मामा म्हणाले. "बायको पडली त्याच्या एक वर्ष आधीची. दलातल्या सगळ्यांना बाकांवर बसवलं होतं, फळ्यावर चित्र काढून दाखवलं होतं. मला सगळं माहीत होतं, साहेब. कुठे दाबायचं, किती दाबायचं, सगळं. नव्वद मार्क होते. माझ्या या हातांना काहीच माहीत नव्हतं. असल्या कागदावर मी सही करणार नाही. एकावरही नाही."

प्राचार्यांनी कागद नीट घडी घालून परत दिला. "तुमचं मला समजतं, मामा. पण समितीला मी काय दाखवू? बारा मुलं आणि चार पोती?"

"हेच दाखवा. त्यांनी हजेरीपटातला कुठलाही नंबर काढावा. माझं पोर चुकलं, तर मी स्वतः सभागृहात उभा राहून तुमची चित्रं दाखवीन आणि साडेतीनशे सह्या करीन. नाही चुकलं, तर हॉल राहील. मग साडेतीनशेंना हातानं कसं शिकवायचं ते आपण बोलू."

"ठरलं," प्राचार्य म्हणाले. त्यांनी हात पुढे केला. तो मामांच्या पंजात दिसेनासा झाला.

त्या शनिवारपासून हॉलमध्ये सराव दुप्पट झाला. मामा मधोमध उभे राहून मोजायचे, "एक, दोन, तीन, चार", सेकंदाला जवळजवळ दोन या चालीवर, तीसपर्यंत गेले की पुन्हा एकपासून. चारही पोतेराव एकदम टकटकायचे. खाली ग्रंथालयात वाचत बसलेली मुलं नकळत त्या ठेक्यावर पाय हलवायची. मामांना वाटलं, जमलं.

मग तो रविवार आला. सराव रंगात असताना खालून शिपाई ओरडला, "मामा, तुमची सायकल वाटेत आहे, पाण्याचा टँकर अडलाय!" मामा "सतरा, अठरा" म्हणत दाराबाहेर पडले आणि जिन्याच्या तिसऱ्या पायरीवर थबकले. मागे शांतता होती. एकसुद्धा टक नाही.

परत येऊन पाहतात तर बारा जण दाराकडे तोंड करून बसलेले. हात पोत्यांवर, तसेच.

"का थांबलात?"

एकमेकांकडे बघितलं. मग त्यांच्यातला लांबुडका, ज्याला सगळे शिडी म्हणत, तो म्हणाला, "मामा, तुम्ही मोजायचे थांबलात ना."

मामा खिडकीत टेकले. टँकरवाला खाली भोंगा वाजवत राहिला.

घरी जाऊन जेवले नाहीत. मामींनी विचारलं तेव्हा म्हणाले, "पाच वर्षं मला वाटत होतं मी पोरांना शिकवतोय. मी माझ्या घशाला शिकवलं. साठ जण बाहेर पडलेत इथून, आणि त्यांच्यातल्या प्रत्येकाला माणूस पडल्यावर आधी मी लागणार."

"मग घसा घरी ठेवून जा," मामी म्हणाल्या. "आणि जेवून घ्या. उपाशी माणसाचं तोंड जास्त चालतं."

पुढच्या शनिवारपासून मामा हॉलबाहेर व्हरांड्यातल्या बाकावर बसायला लागले, दाराकडे पाठ करून. आत पहिला दिवस नुसता बाजार होता. एक जण एकपासून मोजतोय, दुसरा दहावर, तिसरा मोजता मोजता "बावीस झाले की तेवीस?" असं विचारतोय. मामांची दोन बोटं मांडीवर ठेका धरायची आणि जीभ दातांखाली असायची. तीन वेळा उठले, तीन वेळा बसले. चौथ्या आठवड्यात आतले आवाज जुळले. मोजणाऱ्याचा आवाज थकला की दुसरा उचलायचा, मधे फट पडायची नाही.

एकच अडचण राहिली, हळूबाई.

ही मुलगी इतकं हळू बोलायची की हजेरीला तिचा "हजर" शेजारणीला पुन्हा सांगावा लागे, म्हणून हळूबाई. मनगटात जोर होता, घरी विहिरीचं पाणी ओढून आलेला. पोतेराव तिच्या हाताखाली सगळ्यांत खणखणीत वाजायचे. पण मामांचा पहिला धडा तिला जमत नव्हता. माणूस पडलेला दिसला की आधी बोट दाखवून कामं वाटायची: तू फोन लाव, तू दारात उभा राहून गाडीला वाट दाखव. हळूबाई जमिनीकडे बघत म्हणायची, "जरा कोणी फोन लावाल का?"

"कोणीतरी म्हणजे?" मामा बाहेरून विचारायचे. तेवढं त्यांना राहवायचं नाही.

"कोणीच नाही," अकरा जण आतून म्हणायचे. हळूबाईचा आवाज त्यात नसायचाच.

मामींनी तिला बाकावर शेजारी बसवून घेतलं. "बोट दाखवायला काय होतं गं तुला?"

"मोठ्यांकडे बोट दाखवायचं नाही, असं आई म्हणते."

"बरोबर म्हणते. घरात नाहीच दाखवायचं." "मी पडले होते ना, तेव्हा त्या कंडक्टरनं यांच्याकडे बोट दाखवलं. हे त्याच्याहून मोठे, वर युनिफॉर्ममध्ये. त्यानं मान ठेवला असता तर मी आज तुझ्याशेजारी बसले नसते. जमिनीवर माणूस पडला की तिथून पुढचं घर नसतं, बाई."

मुलगी उठून आत सरावाला गेली. ती कधीच बोलायची नाही, त्यामुळे तिला पटलं का, हे मामींना कळलं नाही.

समिती आली त्या दिवशी हॉल धुऊन काढला होता. तीन पाहुणे खुर्च्यांवर बसले. मधल्या खुर्चीत अध्यक्ष, जाड चष्मा, मांडीवर फाईल. टेबलावर फुलदाणीशेजारी रबराचा पुतळा प्लास्टिकसकट आणून ठेवला होता. बारा मुलं भिंतीला पाठ लावून उभी. मधे फरशीवर एक पोतेराव निजलेले. फळ्यावर मोठ्या आकड्यांत सरावाचा फोन नंबर लिहिला होता. खऱ्या मदतीच्या नंबरावर सरावाचे फोन करून लाइन अडवायची नाही, हा मामांचा नियम, म्हणून सरावापुरती ती लाइन मामींच्या मोबाईलवर यायची. गाडी आली असं मामींनी म्हटलं की आली. ते त्या नऊ मिनिटांनी म्हणायच्या, एक सेकंद आधी नाही. इस्पितळ ते कॉलेज, रेल्वेचं फाटक उघडं असेल तर नऊ मिनिटं. मामांनी ड्रायव्हरशेजारी बसून तीनदा मोजली होती.

"मामा, या ना पुढे, ओळख करून देतो," प्राचार्य म्हणाले.

"ओळख पोरांची व्हायचीय," मामा म्हणाले आणि बाहेर बाकावर, मामींच्या शेजारी, दाराकडे पाठ करून जाऊन बसले.

अध्यक्षांनी हजेरीपट न उघडताच म्हटलं, "सात."

सात नंबर हळूबाईचा होता.

ती पुढे आली. पोत्याशेजारी गुडघे टेकले, खांदा हलवून हाक मारली, श्वास बघितला. मग तिनं मान वर केली. समोर तीन पाहुणे, प्राचार्य, फुलदाणी. भिंतीजवळ शिडी ओठ न हलवता पुटपुटत होता, बोट, बोट.

हळूबाईनं हात उचलला. बोट सरळ मधल्या खुर्चीवर रोखलं.

"तुम्ही, चष्मेवाले. फोन लावा. नंबर फळ्यावर आहे."

आवाज मोठा नव्हता. पण आज तो शेवटच्या खुर्चीपर्यंत पोचला.

अध्यक्षांनी मागे वळून पाहिलं. मागे भिंत होती. "मी?"

"हो, तुम्हीच. लावला की मला सांगा, लावला म्हणून." तोवर तिचे तळवे पोतेरावांच्या छातीवर एकावर एक बसले होते. टक, टक, टक. तिनं कोपर न वाकवता मान वळवली. "सर, तुम्ही. दार सताड उघडा आणि जिन्यात उभे राहा. गाडी आली की वर आणा. ती येईपर्यंत तिथून हलू नका."

"सर" म्हणजे प्राचार्य. त्यांनी एकदा अध्यक्षांकडे पाहिलं, एकदा त्या मुलीकडे, आणि गेले. दार सताड उघडलं आणि जिन्याच्या वरच्या पायरीवर जाऊन उभे राहिले. तिथून एका बाजूला व्हरांड्यातला बाक दिसतो आणि दुसऱ्या बाजूला कॉलेजचं फाटक.

बाकावर मामींच्या पिशवीत फोन वाजला. मामींनी उचलला आणि असा काही करडा आवाज काढला की प्राचार्य दचकले. "बोला. काय झालंय? कुठे? श्वास आहे का? दाबतंय का कोणी? ... बरं, दाबत राहायला सांगा. गाडी निघाली." फोन ठेवला, मनगटावरचं घड्याळ पाहिलं, आणि हळूच म्हणाल्या, "घाबरलाय बिचारा. जिल्ह्याचं नाव सांगायला लागला होता."

मामा हसले नाहीत. त्यांची दोन बोटं मांडीवर चालू होती.

दोन मिनिटं झाली तशी आतून हळूबाईचा आवाज आला, "शिडी, तू घे. अठ्ठावीस, एकोणतीस, तीस", आणि तीसवर हात बदलले. फट पडली नाही. टक, टक, टक. पाहुण्यांची चुळबुळ बाहेरपर्यंत ऐकू यायला लागली. असली प्रात्यक्षिकं मिनिटभरात आटपतात, मग टाळ्या आणि चहा. चौथ्या मिनिटाला अध्यक्ष म्हणाले, "छान, छान. पुरे. समजलं आम्हाला."

टक, टक, टक.

"अगं बाई, पुरे. झालं."

"गाडी आली का?" हळूबाईनं विचारलं.

"गाडी?... नाही. कुठे आलीय?"

"मग पुरे नाही," ती म्हणाली. "निळा शर्ट, पुढचा तू. तयार राहा."

पाचव्या मिनिटाला ठेका ढिला पडला. टक आणि टक यांच्यामधलं अंतर लांबायला लागलं. एक टक तर वाजलाच नाही. मामांचा गुडघा कट्कन वाजला, ते अर्धे उठले. तोंड उघडलं होतं. प्राचार्यांनी ते पाहिलं, आणि काय होणार हेही त्यांना कळलं. मामांनी आत जाऊन एकदा "एक, दोन" म्हटलं की सगळं सावरेल, आणि पैजही तिथेच संपेल.

मामींनी हात लावला नाही. घड्याळावरची नजरही काढली नाही. "घसा घरी ठेवलाय ना?" एवढंच म्हणाल्या.

मामांनी तोंड मिटलं. उभे राहिले ते तसेच उभे राहिले, भाजलेला कान दाराकडे करून.

आत हळूबाई म्हणाली, "निळा शर्ट, तू दमलायस. सरक." आणि मग तिच्या आवाजानं, त्या कधी कोणाला ऐकू न येणाऱ्या आवाजानं, मोजायला सुरुवात केली. एक. दोन. तीन. चारला दुसरे आवाज मिळाले, आठला सगळे. टक पुन्हा खणखणीत झाला. त्या मोजण्यात एक जाडा, वयस्कर, अडखळता आवाजही होता. तो चष्मेवाल्यांचा होता.

मामा ऐकत राहिले. एक पूर्ण तीस ऐकलं. दुसरं ऐकलं. तिसऱ्या तिसाच्या मध्येच त्यांची मांडीवर आपटायची ती दोन बोटं थांबली. त्यांनी शर्टाच्या वरच्या गुंडीला हात लावून ती लागलेली आहे का बघितलं, बाकावरची आपली रिकामी पिशवी उचलून खांद्याला लावली आणि प्राचार्यांच्या शेजारून जिना उतरायला लागले. जाताना त्यांनी कठड्याकडे सरकून वाट दिली, कारण जिन्यात उभा राहिलेला माणूस कामावर असतो.

"किती झाली?" प्राचार्यांनी मामींना विचारलं.

"सात."

"मामा कुठे निघाले? अजून संपलं नाही."

"त्यांचं संपलं," मामी म्हणाल्या. "भंगारवाल्याकडे चाललेत. स्प्रिंगा आणायला."

प्राचार्य खाली बघत राहिले. म्हणाले, "मी तेच विचारणार होतो. साडेतीनशेंना पोतेराव किती लागतील ते."

"चाळीस. हे बारा जण शिकवणार. चार महिने यांचा हिशोब चाललाय कागदावर. तुम्ही कधी विचाराल याची वाट बघत होते." मामींनी घड्याळावर बोट टेकवलं. "स्प्रिंगा मिळतील हो. झाकणं तेवढी तुमच्या घरून द्या, माझ्या बरण्या उघड्या पडल्यात."

खाली मैदान ओलांडून मामा फाटकापाशी पोचले होते. दर पावलाला कलत होते, दर पावलाला सरळ होत होते. वर खिडक्यांतून मोजणं ऐकू येत होतं. त्यांनी मागे पाहिलं नाही. फाटकातून बाहेर पडले, डावीकडे वळले आणि कंपाउंडच्या भिंतीवरून त्यांचं डोकं तेवढं दिसत राहिलं, वरखाली, वरखाली, भिंत संपेपर्यंत.

प्राचार्यांना त्यांच्या मागे जाऊन दोन शब्द बोलावेसे वाटत होते. पण ते जिन्यातून हलले नाहीत. गाडी अजून आली नव्हती.